सूर्यकांत टिपणीस आणि कपाळावरची नागीण

सूर्यकांत टिपणीस बाटलीतलं मिनरल वॉटर उकळून पितो. एवढ्या एका वाक्यात त्याचं चित्र पुरं झालं असतं, तर मलाही बरं वाटलं असतं. पण हा गृहस्थ शारजातल्या अल नहदात माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. रोज सकाळी मी त्याच्याच गाडीतून दुबईतल्या देऱ्याला ऑफिसला जातो. आणि उन्हाळ्यात आमची अपर्णा मुलांना घेऊन पुण्याला गेली, की माझं जेवणही त्याच्याच घरी असतं. ज्याच्या घरचं मीठ खायचं त्याच्यावर वैतागू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना टिपणीस भेटलेला नाही.

गाडीचंच घ्या. मागच्या सीटवर बसलेल्यानंही पट्टा लावल्याचा 'टक' आवाज कानांनी ऐकल्याशिवाय हा किल्ली फिरवत नाही. डिकीत दोन जॅक, दोर, फॅनबेल्ट, पाण्याचे कॅन आणि एक घोंगडी. शारजात, घोंगडी! मी एकदा विचारलं तर म्हणाला, "आग लागली तर गुंडाळायला." पिवळा दिवा लांबून दिसला तरी ब्रेक मारतो. मागचे टॅक्सीवाले त्याला ज्या भाषांत आशीर्वाद देतात, त्यातल्या काही मला केवळ त्याच्यामुळे यायला लागल्या आहेत.

दोष त्याचा नाही, धंद्याचा आहे. देऱ्यात एका मरीन इन्शुरन्सच्या ऑफिसात तो क्लेम्स बघतो. खाडीवरून लाकडी गलबतं टायर, फ्रीज, बासमती भरून निघतात. त्यातलं जे बुडतं, भिजतं, जळतं, त्याचे कागद सूर्याच्या टेबलावर येतात. जे सुखरूप पोचतं त्याचा कागद त्याच्याकडे येतच नाही. त्यामुळे सुखरूप पोचणं असाही एक प्रकार जगात असतो, यावर त्याचा विश्वास उरलेला नाही.

त्याच्या धंद्यातलं एक वचन त्याने घरात आणून बसवलं आहे: सगळा माल एका जहाजावर चढवू नये. म्हणून टिपणीस कुटुंब भारतात जातं ते दोन विमानांनी. एवढंच नाही, आठव्या मजल्यावरून खाली उतरतानाही दोन लिफ्ट. अनुराधावहिनी आणि वेदांग एका लिफ्टमध्ये, हा दुसऱ्या. एकदा दुसरी लिफ्ट बंद होती, तर हा भर ऑगस्टात आठ मजले जिन्याने उतरला आणि खाली येऊन चक्कर येऊन बसला. वहिनी लिफ्टमधून गारेगार बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बुडालं का जहाज?"

या सगळ्या संरक्षणाच्या मध्यभागी वेदांग. वय वर्षं अकरा, जन्म इथलाच. शाळेत बाप सोडतो, बाप आणतो. समोरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, दही आणायचं तरी बाप गॅलरीत उभा राहून रस्ता ओलांडताना वरून सूचना देतो. शाळेच्या पिवळ्या बसमध्ये तो पोरगा जन्मात बसलेला नव्हता. रोज सकाळी आमच्या गाडीतून त्या बसकडे मान वळवून वळवून बघायचा. खिडकीत कोंबलेली पोरं, एकमेकांच्या टोप्या उडवणारी, आणि हा पट्ट्यात आवळलेला.

ही गोष्ट गेल्या ऑगस्टातली. जे लोक उन्हाळ्यात भारतात जाऊ शकत नाहीत, त्यांच्या मुलांसाठी आमच्या मराठी मंडळींनी एक शिबिर काढलं होतं. काव्या नावाची कॉलेजातली मुलगी ते चालवायची. तिने मुलांचं नाटक बसवलं, इजिप्तच्या राजाचं. आणि राजा केलं वेदांगला! ज्या रात्री हे कळलं त्या रात्री जेवताना पोरगं ताटाकडे बघत नव्हतं.

"काका, किंगच्या फोरहेडवर ना, एक कोब्रा असते. गॉडेस. तिचं नाव वाजेट."

"नागीण?" सूर्याने घास थांबवला. "विषारी?"

"बाबा, शी इज गुड! खालच्या इजिप्तची देवी ती, जिथे नाईल समुद्राला मिळते ना, तिथली. ती फणा काढून किंगच्या कपाळावर बसते. एनिमी आला की त्याच्यावर फायर थुंकते. आणि वरच्या इजिप्तची दुसरी देवी, ती व्हल्चर असते. दोघी मिळून किंगला प्रोटेक्ट करतात."

सूर्याने घास ताटात ठेवला. त्याच्या तोंडावर जे तेज आलं ते मी त्याच्या प्रमोशनच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"चोवीस तास?" त्याने विचारलं.

"ऑल्वेज."

"कपाळावरच? म्हणजे माणूस जाईल तिकडे कव्हर बरोबर!" तो माझ्याकडे वळला. "बघ लेका. पाच हजार वर्षांपूर्वी! आणि एक नाही, दोन पॉलिसी. गिधाड म्हणजे रीइन्शुरन्स, विम्याचाही विमा."

"गिधाड आपल्याला नकोय," वहिनी म्हणाल्या. "घरात श्रावण आहे. वरण घ्या भावजी."

आणि मग वेदांगने आपल्या मनातलं काढलं. नाटक शुक्रवारी संध्याकाळी, दुबईतल्या एका हॉलमध्ये. सगळी मुलं शिबिराच्या बसने जाणार, बसने येणार. "बाबा, मी पण बसने येणार. निदान येताना. प्लीज. एकटा."

मला वाटलं, आता बस, टायर, ड्रायव्हरचं वय, शारजा-दुबई रस्त्यावरचे अपघात असं सगळं व्याख्यान होईल. पण सूर्या त्या नागिणीच्या धुंदीत होता. "ठीक आहे," तो म्हणाला. "ती नागीण कपाळावर असेल तर येताना बसने ये. नसेल तर गाडीने. आणि नागीण मी करणार."

पोराने ताट सोडून बापाला मिठी मारली. मीही खूश झालो. नागीण सूर्या करणार आहे, याचा अर्थ मला पुढचे आठ दिवस कळायचा होता.

वर्तमानपत्रांचा लगदा, गव्हाच्या पिठाची खळ, आत तार. रोज रात्री जेवणानंतर हा फणा थापायचा आणि मी समोर बसून 'मान जरा उंच, मान जरा खाली' असं सांगायचं. तार मुलाला टोचेल म्हणून तिच्यावर तीनदा कापूस. डोळ्यांचे मणी गिळले जातील म्हणून डोळे रंगवलेले. मग सोनेरी स्प्रे. "पंधरा दिरहम!" दुकानात हा ओरडला. "म्हणजे साडेतीनशे रुपये! एवढ्यात खरा नाग मिळेल!" आणि तरी दोन डबे घेतले. एक संपला तर?

पण खरं सांगतो, नागीण झाली देखणी. फणा रुंद, मान ताठ, नजर अशी की आपण काहीतरी चुकलोय असं वाटावं. गुरुवारी रात्री ती टेबलावर उभी राहिली आणि आम्ही चौघं तिच्याभोवती उभे राहिलो. फक्त तिला डोक्यावरच्या पट्टेरी फडक्यावर शिवून बसवायचं राहिलं होतं. ते सकाळी करू, सूर्या म्हणाला.

सकाळी नागपंचमी होती.

हे घरात वहिनींना माहीत होतं. सूर्याला माहीत होतं. पण दोघांच्याही डोक्यात पंचमी एका कप्प्यात आणि नाटक दुसऱ्या कप्प्यात. दोन कप्पे एकमेकांवर आपटले ते माझ्यासमोर. नाटकासाठी आम्ही दोघांनी रजा घेतली होती; साडेअकराला मी जेवायला गेलो तर दार उघडंच. टिपणिसांचं दार उघडं म्हणजे आत कोणीतरी गेलेलं असणार, अशा भीतीने मी आत शिरलो.

हॉलमध्ये पाट. पाटावर नागीण. अंगभर हळदकुंकू, गळ्यात कापसाचं वस्त्र, समोर वाटीत लाह्यांच्या ऐवजी बिनबटरचं पॉपकॉर्न. आणि नागिणीची ती ताठ मान पुढे वाकून पॉपकॉर्नच्या वाटीत डोकावत होती.

"काय झालं?"

"विचारा तुमच्या मित्राला," वहिनी म्हणाल्या. "मी दरवर्षी पाटावर गंधाने नाग काढते. आज मी अंघोळीला गेले, तेवढ्यात यांनी पूजा उरकली. म्हणे, साक्षात देवी घरात उभी असताना चित्र कशाला! आणि दूध किती वाहावं? चमचाभर?"

"अगं, कमी पडायला नको म्हणून—"

"पातेलं! आख्खं पातेलं ओतलं! कागदाच्या नागावर!"

सूर्या पाटासमोर सोवळ्यात बसला होता. पातेलंभर दूध लगद्यात मुरलं होतं आणि देवी खालून भिजत, वरून झुकत चालली होती. मी म्हटलं, "अरे मग उचल, वाळव, शिव फडक्यावर. पाच वाजता पडदा उघडायचाय."

"शिव?" सूर्या दचकला. "आज शिवायचं नाही. कापायचं नाही, चिरायचं नाही. तवासुद्धा ठेवत नाहीत चुलीवर. पंचमी आहे."

"आणि उचलायची तरी कशी?" वहिनी म्हणाल्या. "पूजा झालीय. आता ती नाटकातली वस्तू नाही, देवी आहे. उद्या अक्षता टाकून हलवेपर्यंत जागची हलणार नाही."

मी कपाळावर हात मारला. पाच हजार वर्षांत त्या बिचाऱ्या वाजेटने काय काय पाहिलं असेल. पण राजा तयार, शत्रू तयार आणि आपण शारजात पाटावर पॉपकॉर्न खात अडकलोय, हे तिने खचितच पाहिलं नसेल.

वेदांग सोफ्याच्या कडेला बसला होता. रडत नव्हता, ते जास्त वाईट होतं. "सो नो कोब्रा," तो म्हणाला. "म्हणजे नो बस."

"बस काय, पुढच्या वेळी," सूर्या पुटपुटला.

वहिनींनी तोड काढली. "आत्ताच उत्तरपूजा करू. अक्षता टाकू, 'पुन्हा ये' म्हणू. देवी गेली, की उरला कागद. मग खुशाल बांधा."

"देवीला पाठवून देऊ?" सूर्याचा आवाज चढला. "आज? मुलगा पहिल्यांदा बसने यायचाय, आणि नेमकी आजच पॉलिसी कॅन्सल करू? मग रिकामा कागद कपाळावर लावून काय उपयोग?"

"अहो, तुम्ही देवी ठेवलीत तर मुकुट नाही, मुकुट नाही तर बस नाही, आणि देवी पाठवलीत तरी बस नाही! मुलाला जाऊच द्यायचं नाही असं सरळ सांगा ना!"

सूर्या नागिणीकडे बघत राहिला. मला एकदम लक्षात आलं, की याला खरंच भीती वाटतेय. चेष्टेतली नाही, साधी, पोटातली.

तेव्हा वेदांग उठून पाटासमोर येऊन बसला. "बट बाबा, ती पाटासाठी नाहीच आहे. तिची जागा डोक्यावर आहे. दॅट्स हर जॉब. इथे बसून ती काय प्रोटेक्ट करणार? पॉपकॉर्न?"

मी हसलो. वहिनी हसल्या. सूर्या हसला नाही; तो विचारात पडला. क्लेम्समधला माणूस, मुद्दा बिनतोड असला की ऐकतो.

"देवीला डोक्यावर घेतातच की आपल्याकडे," मी तेवढ्यात रेटलं. "पाठवायची नाही, फक्त पाटावरून ड्यूटीवर."

"डोकं शुद्ध हवं पण," सूर्या म्हणाला. "श्रावण पाळलायस ना रे?"

वेदांगने आईकडे पाहिलं. "काल कॅम्पमध्ये... चिकन शावर्मा होता."

"देवा!" वहिनी म्हणाल्या. "ऊठ. डोक्यावरून अंघोळ कर. आधी."

नागीण गॅलरीत ठेवली. बाहेर शेहेचाळीस डिग्री. आमच्याकडे ऑगस्टात उन्हाला 'वाळव' असं सांगावं लागत नाही. वहिनींचे पुरणाचे दिंड उकडून होईपर्यंत ती पापडासारखी कडकडीत झाली. फक्त मान वाकली ती वाकलीच. आता ती ऐकायला कमी येणाऱ्या आजीबाईसारखी पुढे झुकून उभी होती.

राहिलं शिवणं. आम्हा तिघांनाही पंचमी. मग सूर्याच सहाव्या मजल्यावर जाऊन रशीदाला घेऊन आला. रशीदा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची, शारजात एका ट्रॅव्हल एजन्सीत कामाला. वेदांगच्या नाटकाचं कळल्यापासून सूर्या लिफ्टमध्ये गाठून तिला वाजेटला नैवेद्य काय लागतो ते विचारत होता. ती इंग्रजी आणि अरबीची मिसळ बोलते.

"हबीबी, शेवटचं सांगते," ती आत येतानाच म्हणाली. "मला या बाईबद्दल काही माहीत नाही. इतिहासात मी काठावर पास झाले. मी तुम्हाला ताजमहालाच्या फरशा विचारते का?" मग तिने गॅलरीतली नागीण पाहिली, हळदकुंकवासकट, आणि तिचा आवाज जरा खाली आला. "या अल्ला. शाळेच्या पुस्तकात होती ही. अशीच. पण इतकी दमलेली नव्हती."

सूर्याने कात्री तिच्या हातात देताना खात्री करून घेतली. "तुम्हाला आज नक्की काही नाही ना?"

"मला आज फक्त शुक्रवार आहे," रशीदा म्हणाली, आणि दोरा दाताने तोडला.

कचाकच फडकं कापलं, दुहेरी दोऱ्याने नागीण शिवली, आणि न्हाऊन आलेल्या वेदांगच्या डोक्यावर बसवली. "खलास! मलिक!" राजा. मग दोन दिंड खाऊन, तिसरा रुमालात घेऊन गेली.

हॉलला जातानाही दोन जहाजं: वहिनी आणि वेदांग टॅक्सीत, सूर्या आणि मी गाडीत. नाटकाचं काय सांगू? भाले पुठ्ठ्याचे, नाईल निळ्या चादरीची, मराठी अशी की शत्रूंनीच शरण यावं. पहिल्या रांगेत सूर्या, वहिनी, मी. शत्रू चाल करून आले, राजा सिंहासनावरून उठला आणि म्हणाला, "थांबा! माझ्या कपाळावर वाजेट जागी आहे!" आणि त्याच क्षणी रशीदाची शिवण मागून सैल झाली. नागीण घसरली आणि फणा राजाच्या डोळ्यावर आला.

प्रेक्षकांत खसखस पिकली. सूर्या खुर्चीतून निम्मा उठला. खिशातून सेफ्टी पिन निघालेली मी पाहिली. अशा प्रसंगासाठी त्याने ती आणलीच असणार. आता हा स्टेजवर चढणार, भर युद्धात राजाला पिन लावणार, आणि पोरगं जन्मभर तोंड वर करणार नाही! वहिनींनी त्याच्या शर्टाचं टोक घट्ट धरलं.

"सोडा," त्या दातांतून म्हणाल्या. "मी तुम्हाला सोडणार नाही. तुम्ही त्याला सोडा."

स्टेजवर वेदांगने एका हाताने फणा वर केला. पडद्याआडून काव्या काहीतरी सांगत होती, तिकडे त्याने पाहिलंही नाही. "ती झोपली नाहीये," तो शत्रूंना म्हणाला. "ती वाकून बघतेय. तुम्ही कोण कोण आहात ते!"

हॉल टाळ्यांनी भरला. शत्रूंनी ठरलेल्या वेळेच्या आधीच पळ काढला. सूर्या हळूच खाली बसला. पिन मात्र हातात तशीच उघडी, आणि बसताना ती मला टोचली. मी ओरडलो ते लोकांना वाटलं, कौतुकाने.

आणि तरीही, बाहेर बससमोर हा अडला.

आधी टायर पाहिले. मग ड्रायव्हर हारुनला विचारलं, "हारुनभाई, टायर कितना पुराना है?"

"मुझसे छोटा है साहब," हारुन म्हणाला. "बच्चे को बिठाना है तो बिठाओ. यल्ला, चलो."

वेदांग पायरीवर उभा. नागीण डोक्यावर, पुढे झुकलेली. मागून पोरं ओरडत होती, "किंग! किंग, कम ऑन!" सूर्याचा हात मुलाच्या खांद्यावरून निघेना. "म्हणजे, नागीण आहे तशी... पण शिवण सैल झालीय. कपाळावर धड बसलेली नाही. त्यापेक्षा आज सगळे एकत्रच गाडीतून—"

"सगळे एकत्र?" वहिनी पुढे झाल्या. "एका गाडीत? सगळा माल एका जहाजावर?"

गेली बारा वर्षं ज्या वचनापायी सूर्याने आम्हाला लिफ्टसाठी ताटकळवलं होतं, ते आज त्याच्याच तोंडावर दार लावून उभं होतं. त्याने हात काढला. सेफ्टी पिनने फडकं मागून नीट टोचून दिलं. "खिडकीतून हात बाहेर काढू नकोस."

"ओके बाबा."

"डोकंसुद्धा."

"बाबा!"

बस सुटली आणि आम्ही धावत गाडीत. कारण अर्थातच हा बसच्या मागे मागे जाणार होता. टक, टक, टक, तीन पट्टे, आणि निघालो. बसच्या मागच्या काचेत पोरांची गर्दी, आणि त्या गर्दीत एक सोनेरी फणा डुलत होता. मधेच वेदांगने मुकुट उलटा फिरवला असावा, कारण नागीण थेट आमच्याकडे बघायला लागली.

"लक्ष आहे तिचं," सूर्या म्हणाला. समाधानाने की धास्तीने, सांगता येत नाही.

पुढचा सिग्नल पिवळा झाला. हारुन तो काही न बघता पार करून गेला. सूर्याने ब्रेक मारला.

लाल. बस लांब, आणखी लांब. सोनेरी ठिपका एका ट्रकच्या आड गेला आणि दिसेनासा झाला. सूर्याची बोटं स्टिअरिंगवर आवळलेली.

मग हिरवा झाला. गाडी हलली नाही. मागच्याने हॉर्न दिला. दुसऱ्याने दिला. तिसरा खिडकीतून तोंड काढून माझ्या ओळखीचं काहीतरी म्हणाला.

"सूर्या, हिरवा आहे!"

"माहितीये," तो म्हणाला. "जाऊ दे त्याला जरा पुढे."

मागच्या सीटवरून वहिनी शांतपणे म्हणाल्या, "अहो, तो गेलाय पुढे. आता आपण निघू या."

सूर्याने एक आरसा पाहिला, दुसरा पाहिला, तिसराही पाहिला. मागे आता हॉर्नचा पूर्ण ऑर्केस्ट्रा.

"बेल्ट लावलेत ना सगळ्यांनी?" त्याने विचारलं.